खाडीत शून्य नसतं

मालवण, २९ सप्टेंबर २०२५

ऋता,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच कचऱ्यात टाकशील म्हणून पत्ता टाइप करून चिकटवला. ही लबाडी झाली. ती दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगून टाकते.

काम आहे. मला तुझ्या दोन चिप हव्या आहेत.

तुझा शोधनिबंध गेल्या महिन्यात हाती लागला आणि मी तो तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना उठून उभी राहिले, स्टाफरूममध्ये. शेजारचे सर म्हणाले, "काय हो, पगारवाढीचं परिपत्रक आलं की काय?" केसाएवढ्या रुंदीचा, गोल गोल फिरणारा एक मार्ग, त्यातून रक्त वेगाने सोडायचं आणि शेवटी दोन तोंडांतून मोठ्या पेशी वेगळ्या, छोट्या वेगळ्या. गाळणी नाही, जाळी नाही, तुंबायला काही नाही! फक्त वळण आणि वेग. इतकं साधं आणि इतकं सुंदर काही मी किती वर्षांत वाचलं नव्हतं. ते तू केलंयस हे कळल्यावर मला काय वाटलं ते या पत्रात लिहीत नाही.

मला रक्त वेगळं करायचं नाहीये. आमच्या खाडीचं पाणी करायचंय.

इथे अकरा बायकांचा गट खाडीत दोर सोडून कालवं वाढवतो. कावेरी त्यांची अध्यक्ष. माझ्याच वयाची, दहावीपर्यंत शिकलेली, आणि माझ्या एम.एस्सी.च्या मुलांपेक्षा जास्त प्रश्न विचारणारी. गेल्या फेब्रुवारीत या कालवांनी एका घरगुती खानावळीतले तीन पाहुणे आजारी पडले. आधी ओठ बधिर, मग बोटं. तिघेही वाचले. पाण्यात त्या चिलखती एकपेशीय जिवांची गर्दी झाली होती, आपण दोघींनी ज्यांच्यामागे तीन वर्षं घालवली तेच. कालव पाणी गाळून खातं, विष अंगात साठवतं आणि स्वतः ठणठणीत राहतं. शिजवूनही ते जात नाही.

पाणी तपासायला बाहेर पाठवलं तर अहवाल नऊ दिवसांनी येतो. नऊ दिवसांत खाडी सतरा वेळा भरते आणि ओसरते. अहवाल येतो तो वाहून गेलेल्या पाण्याचा. सावंतवाडीचा व्यापारी म्हणतो, रोजच्या पाण्याची खात्री द्या, नाहीतर मी दुसरीकडून घेतो. यंदाचा माल गेला तर गट मोडेल. खात्री नसताना विकला तर एखादा माणूस जाईल. मध्ये मी उभी आहे, एक सूक्ष्मदर्शक घेऊन. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात चाळीस मायक्रॉनची एक पेशी शोधायची म्हणजे एका थेंबाला अर्धा दिवस. कापडाच्या गाळण्या करून पाहिल्या, पाचव्या मिनिटाला तुंबतात.

तुझ्या चिपमधून मोठ्या पेशी एका नळीत आल्या तर मी तासाभरात मोजून सांगू शकेन: काढा, किंवा थांबा.

फोन नंबर मिळवता आला असता. पण फोनवर मी पुन्हा सोयीचं तेवढंच बोलले असते.

जानकी


मालवण, २४ ऑक्टोबर

ऋता,

डबी आली! आत कापसात चार चिप (मी दोन मागितल्या होत्या) आणि तुझी चिठ्ठी: "मिनिटाला एक मिली. जास्त नको. आधी बुडबुडे काढ." मजकूर एवढाच. सही नाही, नाव नाही. मी ती चिठ्ठी रोजनिशीत चिकटवली आहे. तुझा 'ढ' अजून तसाच, शेपूट वर गेलेला.

दिवाळीची सुट्टी मी पूर्ण खाडीवर काढली. धक्क्याजवळ बर्फाच्या जुन्या कारखान्याची एक खोली गटाकडे आहे. तिथे टेबल, माझा सूक्ष्मदर्शक, आणि एका इस्पितळाने मोडीत काढलेला सिरिंज पंप. तो ढकलताना घोरतो, पण वेग अचूक देतो. मी चारदा तपासला.

कावेरीने चिप बोटांत धरून उजेडाकडे नेली.

"ह्यां काय ओ बाई? डासांची अगरबत्ती?"

आणि खरंच, तशीच दिसते ना! पारदर्शक रबरात कोरलेलं अगरबत्तीचं वेटोळं, दोन रुपयांच्या नाण्यावर मावेल एवढं.

मी तिला समजावलं की पाणी या वेटोळ्यातून धावेल, मोठ्या पेशी आतल्या कडेला जमतील, बारीकसारीक बाहेरच्या कडेला जाईल. ती म्हणाली, "उलटां सांगतास. येष्टी वळणार गेली की जाडगेली मानसां भायेर पडतत, आत नाय." मी हसले, पण शंका चोख होती. मग मी बादलीत पाणी घेतलं, चहाची पूड टाकली आणि काठीने गोल फिरवलं. पूड कडेला फेकली जायला हवी, ती तळाशी मधोमध गोळा होते. पाणी वळताना त्याच्या पोटात आणखी एक फेरा चालू असतो, तो पूड आत ओढतो. चिपमध्येही असाच फेरा असतो. बारीक पेशी त्याच्याबरोबर वाहत जातात. मोठ्या पेशीला मात्र मार्गाच्या भिंतीही रेटा देतात, आणि दोन्हींचा समतोल तिला आतल्या कडेजवळ सापडतो. हे मी बरोबर सांगितलं का? सांगून झाल्यापासून मनात खुटखुट आहे. चुकलं असेल तर कळव, मी कावेरीला दुरुस्त करून सांगेन.

मग पंप सुरू केला. पहिले दहा सेकंद काही नाही. मग, ऋता, सूक्ष्मदर्शकाखाली त्या शेवटच्या वळणावर एक रेघ उमटली! आतल्या कडेला मोठ्या पेशी एकामागे एक, जशा सकाळी शाळेत जाणाऱ्या पोरी. बाहेरच्या बाजूला सगळा गढूळ लोंढा. आणि फाट्यावर दोघांची वाट वेगळी झाली. आतल्या नळीतला थेंब मी काचेवर घेतला: स्वच्छ पार्श्वभूमीवर सतरा पेशी, त्यातल्या सहा आपल्या ओळखीच्या. चिलखताच्या तबकड्या मोजता येत होत्या! मी किंचाळले असणार, कारण बाहेर जाळं शिवणारा एक म्हातारा आत डोकावून गेला.

कावेरीने भिंगाला डोळा लावला. मग म्हणाली, "ह्यो तो चोर?"

"हाच."

"दिसता मात्र देखणो."

आता रोजचा क्रम असा. भरतीच्या वेळी कावेरी दोरांजवळचं पाणी बाटलीत आणते. आधी फडक्यातून ओतून कोळंबीची पिल्लं आणि काड्या काढायच्या. पाणी दाट असतं, म्हणून दहापट पातळ करायचं. त्यासाठी मी खाडीचंच पाणी बारीक कागदातून गाळून ठेवते. ते ठिबकायला दीड तास लागतो. मग चिप, मग मोजणी. मिलीमागे वीस चोर ही रेघ मी आमच्यापुरती ओढली आहे. दोन दिवस सलग त्याखाली आलं तर माल काढायचा. खोलीबाहेर फळा आहे, त्यावर रोजचा आकडा कावेरी लिहिते. आनंदीबाई, गटातल्या सगळ्यांत वडील, तो वाचून म्हणतात, "मटक्याचो आकडो लागलो काय गो आज?"

किती दिवसांनी मला सकाळी उठायची घाई होते!

जानकी


मालवण, ८ नोव्हेंबर

ऋता,

सगळं क्रमाने लिहिते.

महिन्याच्या सुरुवातीला कॉलेजात परीक्षा लागल्या आणि सकाळी मला तासभर उशीर होऊ लागला. पाणी पातळ करायचं काम मी कावेरीला दिलं. एक तारखेचा आकडा होता अडतीस. तीन तारखेला बारा. चार तारखेला शून्य. पाच तारखेला पुन्हा शून्य.

कावेरीने फळ्यावर भलं मोठं शून्य काढलं आणि त्यात डोळे, नाक, मिशा काढल्या. "शून्य म्हणजे बरां मा, बाई?" मी म्हणाले, बरं म्हणजे काय, उत्तम! सहा तारखेला पहाटे बायका पाण्यात उतरल्या. बावीस दोरांची कालवं पोत्यांत भरली, आणि नऊ वाजता दीपेशचा टेम्पो सावंतवाडीला निघाला.

मी कॉलेजात जायला निघाले होते. चप्पल घातली होती. आणि मनात आलं: शून्य?

तू मला ओळखतेस. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारी मी. या सवयीची मला आयुष्यभर लाज वाटली; त्या दिवशी तिच्या पाया पडावंसं वाटलं. कारण खाडीत शून्य नसतं. ती चोरटी जात नसली तरी दुसऱ्या मोठ्या, निरुपद्रवी पेशी असतातच. आतल्या नळीत त्याही नव्हत्या. एकही नाही. मी परत वळले आणि आदल्या दिवशीच्या बाटलीच्या तळाचा थेंब काचेवर घेतला.

रिकामी चिलखतं. सुट्या तबकड्या, फुटलेली टरफलं, मधे काहीच नाही. पेशी होत्या, आणि चिपपर्यंत पोचायच्या आधीच फुटल्या होत्या.

"कावेरी, पातळ करायला पाणी कुठलं घातलंस?"

"देवळाच्या बावयेचां. फडक्यान चार येळा गाळून. चांगल्यातलां चांगलां पाणी."

"खाडीचं का नाही?"

तिने मलाच उलट विचारलं, "ज्या पाण्यार संशय, त्याच पाण्यान तो कसो धुवचो? आमी कालवां धुतांव तीय शेवटचां पाणी गोडांच घेतांव. लोकांच्या तोंडात जावचां ता. तुमी सांगलास काय, मीठ व्हया म्हणान?"

नव्हतं सांगितलं. "गाळलेलं पाणी घाल," एवढंच म्हणाले होते. तिने आपल्या शहाणपणाने देवळाच्या विहिरीतलं, सगळ्यांत पवित्र पाणी घातलं. खाऱ्या पाण्यातल्या पेशीला गोडं पाणी मिळालं की ती ते पीत सुटते, फुगते, फुटते. हे मी बारावीच्या पोरांना बटाट्याचा काप ठेवून शिकवते.

आदल्या आठवड्यात मी गाळून ठेवलेलं खाडीचं पाणी थोडं शिल्लक होतं. ताजा नमुना त्याने पातळ केला, चिप लावली. पंप घोरायला लागला आणि मी मोजायला लागले आणि मोजता मोजता थांबले, कारण रेघ जाड झाली होती. मिलीमागे दोनशे दहा.

टेम्पो निघून पाऊण तास झाला होता. दीपेश फोन उचलेना. कावेरीने पदर खोचला. "तो चौक्याक थांबतलो. उसळ-पाव खाल्ल्याशिवाय तेचो टेम्पो फुडे जायत नाय." तिच्या स्कूटरवर मागे मी, मांडीवर पर्स, डोळ्यांत वारा. असं कुणाच्या मागे बसून सुसाट जायला मला वीसेक वर्षं झाली असतील. चूक एवढी मोठी झालेली असताना मला आतून हसू फुटत होतं, कारण ऋता, चिपने सांगितलं होतं! पाणी अजून निळं-हिरवं होतं, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि तुझ्या त्या अगरबत्तीने सांगितलं होतं!

दीपेश खरोखर चौके गावातल्या हॉटेलच्या बाकावर होता, दुसरी बशी पुढ्यात.

"काय झालां? खंय आग लागली?"

"टेम्पो फिरव," कावेरी म्हणाली. "माल खराब आसा."

"खराब? सगळीं जितीं आसत! मगाशी एका कालवान माझां बोट धरल्यान."

"तीं जितींच रवतली. खातलो तो मरतलो."

त्याने पाव बशीत ठेवला आणि उठला. तेवढं पुरेसं होतं.

दुपारपर्यंत बावीस दोर परत पाण्यात गेले. कालवं जिवंत होती, पाणी निवळलं की हळूहळू तीही स्वच्छ होतील. व्यापारी फोनवर खूप ओरडला. संध्याकाळी गट जमला, आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, पाण्याचं कारण मी कावेरीला समजावलंच नव्हतं.

उद्यापासून वहीत एक नवीन रकाना: पाणी कुठलं, घातलं कोणी.

जानकी


मालवण, १२ नोव्हेंबर

ऋता,

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे. पत्र टपालात टाकतानाच ते मला माहीत होतं.

सहा तारखेच्या संध्याकाळी मी सांगितलं नाही. कावेरीने सांगितलं. मी तोंड उघडायच्या आधी ती उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी. बाईंचो काय दोष नाय. बावयेचां पाणी मी घातलंय." मग बायकांनी तिला धरलं. आनंदीबाई म्हणाल्या, "यंत्राक आंघोळ घातलंस गो? मगे नारळ फोडूक इसारलंस कसां!" सगळ्या हसल्या. एकजण हसली नाही. ती म्हणाली की अध्यक्ष बदलायला हवी, उद्या कोणाचा जीव जाईल. कावेरी खाली बघत होती. आणि मी, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी उभी, काच पुसत राहिले. काच स्वच्छ होती.

मी स्वतःला सांगितलं की उद्या शांतपणे समजावू, आत्ता सगळ्या तापल्या आहेत. मला हे वाक्य फार चांगलं जमतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. सगळ्यांना पुन्हा बोलावून, फळ्यावर बटाट्याचं चित्र काढून. सूचना मी दिली, अर्धी दिली, आणि दोन शून्यं आल्यावर न तपासता हरकत नाही म्हणून मीच सांगितलं. कावेरीने शेवटपर्यंत ऐकलं. बायका गेल्यावर म्हणाली, "काल गप कित्याक रवलास?"

मी फळ्यावरचा बटाटा पुसायला लागले.

"माका ठावक होतां तुमी सांगतल्यात. मी कालपासून वाट बघतंय." आणि मग, वही उघडत, "एक दिवस चलता बाई. जास्त झालो की तो कुजता."

ऋता, तुझ्या बाबतीत अठरा वर्षं झाली.

मी आता लिहिते. गोव्यात, ऑगस्टमध्ये, तू भावाच्या साखरपुड्याला घरी गेली होतीस. तुझे अकरा चंबू माझ्यावर सोपवून. एका पेशीपासून सात महिने वाढवलेली ती सगळी वंशावळ. शनिवारी त्यांत पाणी वाढवायचं होतं. फळीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी असत: पांढऱ्या बुचाची गाळलेल्या समुद्राच्या पाण्याची, निळ्या बुचाची ऊर्ध्वपातित, म्हणजे बिनमिठाच्या पाण्याची. दोन्ही सारख्याच दिसत. मी घाईत होते, शेवटची बस होती. त्या घाईत निळ्या बुचाची उचलली गेली असेल, शक्य आहे. सोमवारी सगळे चंबू मेलेले होते. आपल्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "जानकी, तू कुठलं पाणी घातलंस?" मी म्हणाले, पांढऱ्या बुचाचं. मग त्यांनी ठरवलं की जाण्यापूर्वी तूच क्षारांचं प्रमाण चुकवलं असणार. तुझ्या शिष्यवृत्तीची मुदतवाढ गेली. तू मला फक्त एकदा विचारलंस, जिन्यावर, आणि मीही तुला तेच उत्तर दिलं.

त्या वेळी मी काचेवर एक थेंब पाहिला होता. रिकामी चिलखतं. सहा तारखेला खोलीत तेच चित्र डोळ्यांसमोर आलं तेव्हा कारण शोधायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. लागायला हवं होतं. ज्याने पहिल्यांदा पाहिलं असतं त्याला लागलं असतं.

परवा दहा तारखेला खाडी तांबडी झाली. डोळ्यांना दिसेल इतकी, विटेसारखी. चिपने सांगितल्यानंतर चार दिवसांनी. बायका धक्क्यावर ओळीने उभ्या राहून पाहत होत्या. आनंदीबाईंनी पाण्याला नाही, खोलीतल्या पंपाला हात जोडले. व्यापाऱ्याचा आपणहून फोन आला, आवाज एकदम मवाळ. हे तुला आनंदाने सांगायचं होतं. सांगतेच आहे. पण या आनंदाखाली ते दुसरं आहे, आणि एक सांगून दुसरं लपवलं तर माझी मोजणी पुन्हा शून्यच.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

जानकी


मालवण, २ डिसेंबर

ऋता,

आधी बातमी, कारण ती थांबत नाहीये!

सहा तारखेच्या पोत्यांतली कालवं आम्ही तपासायला पाठवली होती. अहवालात विष भरपूर निघालं. तो माल सावंतवाडीच्या ताटांत गेला असता. त्यानंतर रोज मोजत राहिलो. दोनशे दहा, सहाशे, नऊशे, मग चारशे, नव्वद, एकतीस. कावेरी आता एकटी चिप चालवते. बुडबुडे तर माझ्यापेक्षा छान काढते. टिचकी मारते आणि "चल गो" म्हणते. सव्वीस तारखेला आकडा अकरा, सत्तावीसला आठ. ती म्हणाली, "बाई, आठ आसत. शून्य नाय. म्हणजे खरां." अकरा आणि आठ, दोन्ही रेघेखाली, तरी आम्ही थांबलो. कालवांच्या मांसाचा नमुना पाठवला, या वेळी नऊ दिवसांऐवजी चार दिवसांत उत्तर मिळवलं, कारण कावेरी रोज त्यांना फोन करून विचारायची, "झालां?" काल उत्तर आलं: निर्धोक. आज पहाटे बायका पाण्यात उतरल्या. बावीसच्या बावीस दोर! दीपेशने टेम्पोला झेंडूची माळ घातली आणि चौक्याला न थांबता जायचं वचन दिलं, जे तो पाळणार नाही.

धक्क्यावर चूल मांडून कावेरीने पहिली टोपलीभर कालवं शिजवली. सगळ्या थांबून राहिल्या. मग लक्षात आलं, त्या माझ्याकडे बघतायत. आकडा ज्याने दिला त्याने पहिलं खायचं, हे कोणी ठरवलं होतं कोण जाणे, पण मला ते फार योग्य वाटलं. मी खाल्लं. इतकं खारट, इतकं गोड काही मी खाल्लेलं नाही. त्यानंतर तासभर बायका दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "ओठ गार लागतत काय ओ?" आनंदीबाई म्हणाल्या, "गार लागले तरी ह्या बाई उद्या सांगतली!" सगळ्या हसल्या, कावेरी सर्वांत मोठ्याने, आणि मीही. तो हिशेब इथे मिटला.

तुझी चिठ्ठी काल आली. नव्या दोन चिपबरोबर, कापसात. एकच ओळ. "बूच कुठलं होतं?"

मी ती रात्रभर उशाशी घेऊन विचार केला वगैरे नाही. वाचताक्षणी कळलं की तू मागचं पत्र शोधनिबंधासारखं वाचलंस आणि जिथे मी 'असेल' आणि 'शक्य आहे' लिहिलं तिथे पेन्सिलीने खूण केलीस. तुझ्या जागी मी असते तर मीही केली असती.

तर उत्तर. सोमवारी सकाळी मी तुझ्या चंबूंच्या आधी फळीकडे पाहिलं. पांढऱ्या बुचाची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, शनिवारी सकाळी मी भरून ठेवली होती तशीच. दुसरी अर्धी रिकामी होती. मी ती नळाखाली नेली नाही, एवढी अक्कल होती. ऊर्ध्वपातनाच्या यंत्राखाली धरून नीट भरली, पुसली, आणि होती त्या जागी ठेवली. तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. सर साडेआठला आले. वीस मिनिटं माझ्याकडे होती.

हेच सगळं सरांना लिहिलं आहे. ते निवृत्त होऊन म्हापशाला असतात, पत्ता मिळाला. त्या पत्राची प्रत सोबत जोडते. त्यात 'असेल' कुठेही नाही, मी दोनदा तपासलं. ती प्रत तुला कुणाला दाखवायची असेल तर दाखव. न दाखवता ठेवलीस तरी ती तुझी आहे.

आता खोलीत जाते. भरतीची वेळ झाली, कावेरी बाटली घेऊन येताना दिसतेय. नमुना घेतल्यावर आम्ही आधी तो रकाना भरतो, मगच पंप सुरू करतो. तुझी एक ओळ वहीत राहून गेली होती. आज सकाळी मी ती भरली. इथे उतरवून देते.

तारीख: १८ ऑगस्ट २००७. नमुना: ऋताचे अकरा चंबू. पाणी: निळ्या बुचाचं. घातलं कोणी: जानकी.